खोबरेल गोठतं, तेवढाच बर्फ

आमच्याकडे बर्फ पडत नाही.
सहकारनगरात फार तर
बाटलीत खोबरेल गोठतं,
आणि दही लागत नाही म्हणून वन्सं
पातेल्याला जुनी शाल गुंडाळतात,
तान्ह्याला गुंडाळावी तशी, कान झाकून.

पारा आठावर, असं पेपरात आलं त्या दिवशी
त्यांनी तो पेपरच घडी करून
खिडकीच्या फटीत खोचला.

जुन्या बाजारात घेतलं मी ते खोकं,
साठ रुपयांना, झाकण नसलेलं,
सुतळीनं बांधलेलं.
हजार तुकडे, म्हणाला. पुरते आहेत का, विचारलं,
तर म्हणे, मोजून घ्या की, बसा इथंच.
अशा माणसाशी घासाघीस काय करणार?

घरी येऊन ओतलं.
थोडी झाडं, एक लाल दार, कुणाची तरी टोपी,
बाकी सातशेक तुकडे नुसते पांढरे.
"घ्या," वन्सं म्हणाल्या, "विकत आणला बर्फ."

मांडायचं कुठे?
जेवायच्या टेबलावर त्यांची लोकर,
खाली बसायला माझे गुडघे नाहीत.
शेवटी दाराआडचा कॅरम ओढला.
अकरा महिने त्याला कुणी हात लावला नव्हता.
कोपऱ्यांतल्या भोकांच्या कडेला
ह्यांची बोरिक पावडर तशीच,
रविवारच्या शेवटच्या डावाची.
मी फडकं आणलं.
वन्सं सुयांवरून मान न उचलता म्हणाल्या,
"राहू दे."

सव्वीस वर्षांत आमचं
एवढ्या लवकर एकमत झालं नव्हतं.
आमटीत गूळ किती, इथपासून
दादाला डॉक्टरकडे आधी का नाही नेलं, इथपर्यंत
सगळं बोलून झालेलं,
आणि जे बोललो नाही ते
भांडी जरा जोरात ठेवून कळवलेलं.

आता साडेसातला दारं लावतो.
तळजाईकडून गार वारा येतो,
खालच्या वॉचमननं पेटवलेल्या पाल्याचा धूर येतो,
पंखा बंद, म्हणून घर एवढं शांत
की सुयांचा आवाज मोजता येतो.

पांढऱ्यात पांढरं शोधायचं म्हणजे
डोळ्यांचा उपयोग नाही.
एकेक तुकडा उचलायचा,
त्याचं नाक, त्याची खाच
बोटानं चाचपायची,
बसला नाही तर ठेवून द्यायचा, राग न धरता.
हे मला जमतं, हे मला माहीत नव्हतं.
दोन तासांत चार तुकडे बसतात.
कधी एकही नाही.
झोप मात्र लागते.

वन्संनी दादाचा मोहरी रंगाचा स्वेटर उसवलाय.
न विचारता. मीही बोलले नाही.
उसवलेली लोकर लगेच सरळ होत नाही,
जुने टाके तिच्या अंगात राहतात,
बारीक बारीक नागमोडी.
धुऊन, ओझं लावून टांगली त्यांनी बाथरूममध्ये
तरी थोडी वळणं राहिलीच.
"तशीच विणते," म्हणाल्या. "दिसणार थोडीच आहे."

कुणासाठी, ते विचारलं नाही.
पण परवा मी कॅरमवर वाकलेली असताना
मागून येऊन त्यांनी
ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत
वीत टाकली.
दोन विती आणि चार बोटं.
मी हललेसुद्धा नाही,
हातातला तुकडा हातात.

जाता जाता चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी पांढऱ्या ढिगाऱ्यातला एक उचलला,
लाल दारापाशी दाबला.
बसला.
"उंबऱ्यावरचा आहे," म्हणाल्या,
"तुम्ही आकाशात शोधत होतात, वहिनी,"
आणि दही लागलं का बघायला आत गेल्या.

संक्रांत होईल, ऊन चढेल,
खोबरेल पुन्हा पातळ होईल.
होईना का.
अजून दोनशेवर तुकडे राहिलेत,
आणि एका बाहीची सुरुवात व्हायचीय.